काळा प्लग : गुन्हेगार की साक्षीदार?

गाडी सुरू होत नाही म्हटले की आपल्यापैकी निम्मे लोक एकच सल्ला देतात, "प्लग साफ कर." मीही तोच देत असे. पण या सत्रात आमच्या ऑटो क्लबमध्ये दोन आठवड्यांत एकाच इंजिनाचे तीन प्लग काळे झाले. आम्ही ते साफ केले, मग बदलले, आणि नवा प्लगही पुन्हा काळा झाला. शेवटी मी एका ज्युनियरला दोषी ठरवून मोकळा झालो. पुढे कळले की प्लगही दोषी नव्हता आणि ज्युनियरही नव्हता. ते कसे कळले, ते या लेखात क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी जुनी स्कूटर आहे किंवा शेतावर पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप आहे, त्यांना याचा उपयोग होईल असे वाटते.

आमचे इंजिन

क्लबमध्ये एक जुनी राजदूत १७५ आहे. ही मोटरसायकल एस्कॉर्ट्स कंपनी फरीदाबादला बनवत असे, म्हणजे आपल्या दिल्ली परिसरातच. तिचा मूळ आराखडा पोलंडमधल्या एसएचएल एम-११ या मोटरसायकलचा. १९६० च्या दशकात ती भारतात बनू लागली आणि दुधाचे कॅन लादून खेड्यापाड्यांतून वर्षानुवर्षे धावली. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया ज्या छोट्या गाडीवर बसतात, ती याच राजदूत घराण्यातली. इंजिन एका सिलिंडरचे, १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक.

दिल्ली परिसरात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर चालवण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे आमची राजदूत वर्कशॉपच्या दारापलीकडे जात नाही. ती स्टँडवर उभी असते आणि आम्ही फक्त इंजिन चालवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

वार्षिक दिनाच्या प्रदर्शनात पालकांसमोर आम्हांला दोन गोष्टी मांडायच्या होत्या. एक, ही राजदूत चालू करून दाखवायची. दुसरी, पुठ्ठ्याचे रोटरी इंजिनाचे मॉडेल. प्रदर्शन डिसेंबरात होते आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून राजदूतने त्रास द्यायला सुरुवात केली. पाच-सहा किकांनंतर ती सुरू होई, फडफडत चाले, मध्येच मिस मारी, पाढंरा-निळसर धूर सोडी आणि दहा मिनिटांत बंद पडे. प्लग काढला की तो काळाकुट्ट आणि ओला.

टू-स्ट्रोकमध्ये तेल का जळते?

आपल्या वडिलांच्या हल्लीच्या मोटरसायकलचे इंजिन फोर-स्ट्रोक असते. त्यात इंजिन ऑइल खालच्या टाकीत राहते आणि पेट्रोलमध्ये मिसळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तसे नसते. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद डब्यात, म्हणजे क्रँक केसमध्ये, पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल व हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी पिस्टनच्या वर पोचते. म्हणजे मिश्रण क्रँकला वळसा घालूनच वर जाते. तिथे वेगळे तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून बेअरिंग आणि पिस्टनला वंगण मिळावे यासाठी पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळतात आणि ते पेट्रोलबरोबर जळते.

आम्ही एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल घालतो, म्हणजे पंचवीसास एक. गाडी आणि तेल बदलले की हे प्रमाण बदलते, म्हणून आपापल्या गाडीची पुस्तिका पाहावी. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. जास्त झाले तर धूर आणि काजळी वाढते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. क्रँक केस हवाबंद असलीच पाहिजे. क्रँकशाफ्टची दोन्ही टोके केसच्या बाहेर येतात, एक मॅग्नेटोच्या बाजूला आणि एक क्लचच्या बाजूला. दोन्हीकडे रबराची गोल ऑइल सील असते. ती शाफ्टला घट्ट बिलगून बसते आणि हवा किंवा तेल आत येऊ देत नाही.

प्लग काळा झाला की इंजिन मिस का मारते?

इग्निशन कॉइलमधून हजारो व्होल्टचा दाब प्लगच्या मधल्या तारेवर येतो. तारेचे टोक आणि बाहेरची वाकडी पट्टी यांच्यात साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर फट असते. विजेला दुसरी वाट नसते, म्हणून ती फट ओलांडून उडी मारते आणि ठिणगी पडते. मधल्या तारेभोवती पांढरी चिनी मातीसारखी नळी असते. ती वीज वाहू देत नाही.

पण काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन वीज वाहू देतो. नळीवर काजळीचा थर बसला की विजेला सोपी वाट मिळते. पाणी जसे उतार धरते, तशी वीज त्या थरावरून निसटून प्लगच्या अंगात जाते. फट ओलांडायला जोर उरत नाही. मग कधी ठिणगी पडते, कधी पडत नाही. जेव्हा पडत नाही तेव्हा इंजिन मिस मारते आणि न जळलेले मिश्रण प्लगला आणखी ओला करते. मेकॅनिक याला "प्लग शॉर्ट झाला" म्हणतात.

चांगल्या चालणाऱ्या इंजिनात प्लग स्वतःला साफ ठेवतो. त्याचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले की काजळी जळून जाते. ते ८५० अंशांच्या फार पुढे गेले तर उलटा धोका, कारण तापलेले टोकच मिश्रण वेळेआधी पेटवू लागते. प्लग 'गरम' आणि 'थंड' अशा जातींचे मिळतात, ते याच कारणाने.

प्लग वाचायला शिका

प्लग इंजिनाच्या आत राहून आलेला असतो, म्हणून त्याचा रंग पाहिला की आत काय चालले आहे ते कळते.

१. फिका तपकिरी, कोरडा : सगळे ठीक.

२. काळा, कोरडा, बोटाला पावडर लागते : पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक उघडला नसेल, एअर फिल्टर तुंबला असेल, कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी वर गेली असेल, किंवा ठिणगी अशक्त असेल.

३. काळा, ओला, पेट्रोलचा वास : पेट्रोल ओव्हर झाले आहे, किंवा ठिणगीच पडत नाही.

४. काळा, ओला, तेलकट : तेल गरजेपेक्षा जास्त जळत आहे.

५. पांढरा, कोरडा, टोकाला फोड : इंजिन फार तापते आहे. हवा जास्त येत असेल किंवा ठिणगीची वेळ चुकली असेल. या स्थितीत गाडी चालवू नये, पिस्टनला भोक पडू शकते.

ओला प्लग पेट्रोलने ओला आहे की तेलाने, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. प्लग पांढऱ्या कागदावर टेकवा आणि पाच मिनिटे थांबा. पेट्रोल उडून जाते. तेलाचा पारदर्शक डाग तसाच राहतो.

आणखी एक सूचना. प्लग शेवटच्या काही मिनिटांचीच हकीकत सांगतो. आमची राजदूत स्टँडवर, बिनओझ्याची, हळू चालते. तशी चालवली तर चांगल्या इंजिनाचा प्लगही थोडा काळा होणारच, कारण तो पुरेसा तापत नाही. म्हणून नुसता काळा रंग पाहून निर्णय देऊ नये.

मी केलेली चूक

हे सगळे मला तेव्हाही माहीत होते, निदान पुस्तकात वाचलेले होते. तिसरा प्लग काढला तेव्हा तो चौथ्या प्रकारचा होता. काळा, ओला, तेलकट. मी लगेच हिशेब केला : तेल जास्त जळते आहे, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल जास्त पडले आहे. पेट्रोल आणि तेल मिसळायचे काम क्लबमधल्या सर्वांत लहान सभासदाकडे होते. तो सातवीत आहे, आपल्याच मराठी मुलांपैकी.

मी सगळ्यांसमोर त्याला विचारले, "किती तेल घातलंस?"

तो म्हणाला, "दादा, मापानेच घातलं. चाळीस."

"मग प्लग असा कसा?"

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "धुराला वेगळाच वास येतोय. मेसमध्ये पुऱ्यांचं तेल जळतं ना, तसा."

मुले हसली. मीही हसलो. मी क्लबचा कॅडेट इन्चार्ज आहे. मी त्याच्याकडून तेलाचा डबा काढून घेतला, आठवडाभर वर्कशॉप झाडायचे काम दिले आणि म्हणालो, "याला माप कळत नाही." तो काही बोलला नाही. झाडू घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या उस्तादजींनी नोंदवही मागितली. उस्तादजी सैन्याच्या ईएमई कोअरमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी तीन प्लग ओळीने ठेवले आणि विचारले, "केस क्या है?" मी म्हणालो, "उस्तादजी, तेल ज़्यादा पड़ा था. आदमी बदल दिया है." ते म्हणाले, "प्लग गवाह है, मुजरिम नहीं. तूने गवाह को तीन बार बदला और एक बेगुनाह को सज़ा दे दी. सबूत कहाँ है?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. तेलाचे प्रमाण मी मोजून पाहिलेच नव्हते.

एका वेळी एकच बदल

उस्तादजींनी वहीच्या पानावर तीन रकाने आखायला लावले : काय बदलले, काय दिसले, त्यावरून काय ठरले. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारले, तर कशामुळे सुधारले हे कधीच कळत नाही. आमच्या पाच चाचण्या अशा झाल्या.

पहिली चाचणी, इंधन. टाकी रिकामी केली. जुने पेट्रोल बाजूला ठेवले, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. एक लिटर नवे पेट्रोल आणले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मोजपात्र मागून ४० मिली तेल मी स्वतःच्या हाताने मोजले. चौथा, नवा प्लग लावला. दहा मिनिटे चालवले. प्लग पुन्हा काळा आणि तेलकट. मी म्हणालो की आधीचे तेल क्रँक केसमध्ये साचले असेल. शंका रास्त होती, म्हणून प्लग साफ करून पुन्हा दहा मिनिटे चालवले. तेच.

त्या क्षणी मला खरे तर थांबून त्या मुलाकडे जायला हवे होते. मी गेलो नाही. मनात म्हटले, अजून पक्के काही ठरलेले नाही. शिक्षा देताना मात्र पक्के ठरण्याची वाट मी पाहिली नव्हती.

दुसरी चाचणी, हवा. एअर फिल्टर काढून धुतला, वाळवला, बसवला. काही फरक नाही. मग थंडीत लावलेला चोक पूर्ण उघडतो का ते पाहिले. उघडत होता.

तिसरी चाचणी, ठिणगी. प्लग काढून टोपीत बसवला, त्याचे अंग सिलिंडर हेडच्या धातूला टेकवले आणि किक मारली. ठिणगी निळी आणि कडक होती. पिवळी, बारीक असती तर पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल तपासावे लागले असते. ही चाचणी करताना प्लग हातात धरू नये, चिमट्याने किंवा वायरीने टेकवावा. आणि ठिणगी प्लगच्या भोकापासून दूर ठेवावी, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. आमच्याजवळ वाळूची बादली होती आणि उस्तादजी समोर उभे होते.

चौथी चाचणी, कार्ब्युरेटर. फ्लोटची सुई पेट्रोल थांबवते का ते पाहिले. पेट्रोल चालू करून पाच मिनिटे थांबलो, कुठे ओघळ नाही. शिवाय कागदावरचा डाग तेलाचा होता, पेट्रोलचा नव्हता.

आता माझ्याकडे कल्पना उरली नव्हती. उस्तादजी म्हणाले, "धुआँ सूँघा?" मी धूर हुंगला. टू-टी ऑइलचा नेहमीचा वास त्यात होता, पण त्याबरोबर दुसराही होता. जाड, जळक्या तेलाचा. पुऱ्यांच्या तेलासारखा.

पाचवी चाचणी, गिअरचे तेल. राजदूतमध्ये क्लच आणि गिअरसाठी वेगळे इंजिन ऑइल असते. त्याचा पेट्रोलशी संबंध नसतो. पातळी पाहायचा स्क्रू उघडला तर तेल आलेच नाही. सत्राच्या सुरुवातीला आम्ही ते पातळीपर्यंत भरले होते. गाडीखाली पुठ्ठा अंथरला, दोन दिवस ठेवला. त्यावर एक थेंबही नव्हता. तेल बाहेर गळत नव्हते, तरी कमी झाले होते. मग गेले कुठे?

एकच वाट उरली, क्लचच्या बाजूची ऑइल सील. रबर वर्षांनी कडक झाले की शाफ्टला बिलगत नाही. पिस्टन वर गेला की क्रँक केसमध्ये पोकळी तयार होते, आणि ती कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढते तसेच सीलच्या फटीतून गिअरचे तेलही ओढते. ते तेल पिस्टनच्या वर जाते, जळते, धूर होते आणि प्लगवर बसते.

खात्री करण्यासाठी आम्ही गिअरचे तेल पातळीपर्यंत भरले, तीन वेळा मिळून अर्धा तास इंजिन चालवले आणि पुन्हा पातळीपर्यंत भरायला किती लागते ते मोजले. ५० मिली लागले. त्या अर्ध्या तासात पेट्रोल जळले साधारण पाव लिटर.

आता हिशेब करा. पाव लिटर पेट्रोलमध्ये मापाप्रमाणे तेल असते १० मिली. सीलमधून आले ५० मिली. म्हणजे इंजिनाने १० ऐवजी ६० मिली तेल जाळले, सहापट. त्या ज्युनियरने चुकून दुप्पट तेल घातले असते तरी ते २० मिलीच झाले असते. मी हे गणित आधी केले असते तर त्याला दोष देण्याआधीच माझ्या लक्षात आले असते की एवढा तेलकट प्लग मापाच्या चुकीने होत नाही.

सील बदलली

सील बदलण्यासाठी क्लचचे कव्हर आणि क्लच काढावा लागतो. आम्हांला दोन रविवार लागले. जुनी सील बाहेर काढली तेव्हा ती रबर न वाटता प्लॅस्टिकच्या बांगडीसारखी कडक होती. सीलवर तीन आकडे छापलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. हे आकडे जुळले की त्याच मापाची सील सुट्या भागांच्या दुकानात मिळते. उस्तादजींनी ती करोल बागेतून आणली. बसवताना सीलच्या ओठाला तेल लावले आणि ती हातोडीने न ठोकता तिच्याच मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ दाबली. तिरकी बसली तर नवी सीलही गळते.

मॅग्नेटोच्या बाजूची सीलही बदलली. ती फाटली तर लक्षणे उलट दिसतात. तिकडे तेल नसते, म्हणून हवा आत येते. इंजिन आपोआप जोरात पळते, तापते आणि प्लग पांढरा पडतो.

नव्या सीलनंतर इंजिन तिसऱ्या किकला सुरू झाले. अर्ध्या तासानंतर प्लग कोरडा होता. कडेला थोडा काळा, मध्ये तपकिरी. स्टँडवरच्या इंजिनासाठी तेवढे चांगले.

रोटरी इंजिनाचा प्रश्न

वार्षिक दिनाला राजदूत चालली. आमचे पुठ्ठ्याचे मॉडेल पाहताना एका पालकांनी विचारले, "या रोटरी इंजिनात पिस्टनच नाही. मग याचा प्लगही काळा होतो का?" प्रश्न चांगला होता. होतो, आणि कारणे राजदूतसारखीच आहेत.

रोटरी इंजिन जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आले. १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत ते पहिल्यांदा चालले. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फिरतो. रोटरच्या तिन्ही टोकांना सील असतात. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ पासून या इंजिनाच्या गाड्या बनवल्या आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७-बी गाडीने ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

हे इंजिन आपल्याला परके नाही. निशांत हे आपल्या सैन्यासाठी बनवलेले टेहळणीचे वैमानिकरहित विमान. ते ट्रकवरच्या रुळावरून उडवले जाई आणि पॅराशूटने उतरे. त्यासाठी ५५ अश्वशक्तीचे, सुमारे ३० किलो वजनाचे वांकेल इंजिन देशातच बनवण्यात आले. त्या कामात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेचा वाटा होता. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ निशांत त्या इंजिनावर प्रथम उडाले. रोटर ज्या घरात फिरतो, त्याच्या आतल्या पृष्ठभागावर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा खास लेप दिलेला होता, कारण टोकाच्या सील सतत त्या भिंतीवर घासत असतात.

आता प्लगकडे येऊ. माझदाच्या गाड्यांमध्ये या सीलना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दाम आत सोडले जाते आणि ते टू-स्ट्रोकसारखे जळते. प्रत्येक रोटरला बहुधा दोन प्लग असतात, एक आधी पेटणारा आणि एक मागून पेटणारा. मुख्य शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरचा स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होतो. म्हणजे रोटरीच्या प्लगवर कामाचा आणि काजळीचाही ताण जास्त.

अशी गाडी थंड असताना सुरू करून चार पावले हलवली आणि बंद केली, तर पेट्रोल ओव्हर होते. आलेले जादा पेट्रोल सीलवरचा तेलाचा पातळ थर धुऊन टाकते, दाब कमी होतो आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. आणि रोटरी गाडी मिस मारू लागली की मालक प्लग बदलतो, दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. पुष्कळदा खरा दोष अशक्त झालेल्या इग्निशन कॉइलमध्ये किंवा झिजलेल्या सीलमध्ये असतो. नवा प्लग त्या दोषाला थोडे दिवस झाकतो, एवढेच.

तपासणीचा क्रम

ज्युनियरांनी वर्कशॉपच्या भिंतीवर लावावा म्हणून क्रम देतो.

१. दारे-खिडक्या उघडा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वास नसतो. वाळूची बादली जवळ ठेवा.

२. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा. साफ करण्याआधी रंग, ओल आणि वास वहीत लिहा. साफ केल्यावर पुरावा जातो.

३. प्लग पितळी ब्रशने आणि पेट्रोलने साफ करा, वाळवा, फिलर गेजने फट मोजा. लोखंडी ब्रशने पांढऱ्या नळीवर धातूचे ओरखडे उमटतात आणि तीच विजेची नवी वाट होते.

४. मग इंधन, हवा, ठिणगी, कार्ब्युरेटर आणि सील, या क्रमाने तपासा. सोपे आणि स्वस्त आधी, उघडून काढायचे शेवटी.

५. एका वेळी एकच बदल करा.

६. जो इंजिनाजवळ होता त्याला विचारा, आणि तो काय म्हणतो तेही वहीत लिहा, तो सातवीत असला तरी.

सहावा नियम उस्तादजींचा नाही, माझा आहे. ५० मिलीचा हिशेब वहीत उतरला त्या संध्याकाळी मी क्लबला पुन्हा एकत्र बोलावले. ज्या जागी त्याला बोललो होतो त्याच जागी उभा राहून सगळ्यांना वही वाचून दाखवली आणि त्याची माफी मागितली. धुराचा वास त्याने पहिल्याच दिवशी ओळखला होता. आम्ही हसलो नसतो तर दोन आठवडे वाचले असते.

तो म्हणाला, "ठीक आहे दादा. पण वर्कशॉप मी सहा दिवस झाडलं."

सातवा दिवस मी झाडला, आणि त्याचे सहा दिवसही फेडले. तेलाचा डबा, मोजपात्र आणि इंधनाची नोंदवही आता त्याच्याकडे आहे. ४० मिली घातले की तो शेजारी सही करतो आणि माझीही सही घेतो.